घट्ट पाणी

त्या गल्लीत कुणाच्या घरी खायचं काही नवं आलं, मग तो बिस्किटांचा पुडा असो, सूपचं पाकीट असो की परदेशातल्या मुलाने धाडलेली चॉकलेटं, ते तोंडात जाण्याआधी भिंगवाल्या आपांच्या हातात जायचं. आपा ते घेऊन खिडकीशी उभ्या राहायच्या. घड्याळजीचं भिंग उजव्या डोळ्यात अडकवायच्या, गाल वर ओढून ते धरून ठेवायच्या आणि पाकिटाच्या पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचायला लागायच्या. तेवढा वेळ बाकीच्यांनी गप्प राहायचं. पोरं तर जीव मुठीत धरून बसायची, कारण चॉकलेटचा निकाल लागायचा असायचा.

भिंग त्यांच्या नवऱ्याचं. तो घड्याळं दुरुस्त करायचा. तो गेल्यावर दुकानातलं किडूकमिडूक सगळं विकलं गेलं, भिंग तेवढं आपांनी ठेवून घेतलं. पुढे त्या ते डोळ्याला लावून किराणा दुकानातही उभ्या राहायला लागल्या, तेव्हा दुकानदार म्हणायचा, "आपा, घड्याळ नाही ते, केक आहे. आत काटे सापडायचे नाहीत."

"काटे नकोच आहेत मला. चरबी घातलीय, ती कुणाची ते सांग."

"आता ते मला काय ठाऊक? मी काय कारखान्यात जन्मलो?"

"मग गप बस आणि मला वाचू दे."

मांसाचं एक बरं असतं. खाटीक ओळखीचा असतो, हलाल आहे का म्हणून तोंडावर विचारता येतं. पण केकमध्ये, आइस्क्रीममध्ये, अगदी साध्या पावातही काहीबाही मिसळलेलं असतं. पीठ मऊ राहावं म्हणून, तेल आणि पाणी एकजीव व्हावं म्हणून. पाकिटावर त्याचं धड नाव नसतं, नुसता आकडा असतो. आपांना हे आकडे नात्यातल्या माणसांसारखे पाठ होते आणि नात्यातल्या माणसांसारखीच त्यांनी त्यांना नावं ठेवली होती. एकशेवीस हा किडेवाला लाल, कारण तो रंग किडे वाटून करतात. चारशे एकाहत्तर हा दोनतोंड्या. तो झाडाच्या तेलापासूनही होतो आणि जनावराच्या चरबीपासूनही, आणि पाकिटावर दोन्हींसाठी आकडा तोच. झाडाचा असला तर प्रश्न मिटला. जनावराचा असला तर कुठलं जनावर, कसं कापलेलं, हे सगळं आलं.

"खोटं बोलणारा माणूस परवडला," आपा म्हणायच्या. "तो निदान नजर तरी चुकवतो. हा दोनतोंड्या नुसता ढिम्म बसून असतो."

मग कंपनीला फोन. दुपारची भांडी आवरली की आपा पाकिटावरचा नंबर फिरवायच्या आणि सगळ्यांना एकाच अदबीने विचारायच्या. पलीकडून "बघून सांगतो" असं आलं, की "बघा, मी आहे इथेच" म्हणून फोन खांद्याशी दाबून भाजी निवडत बसायच्या. माणसाने स्वतःच्या तोंडाने नीट उत्तर दिलं, तर पाकिटाचा तेवढा तुकडा कापून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूने, चिकटवायच्या. दार उघडलं की वरपासून खालपर्यंत रंगीबेरंगी तुकडे. गल्लीतल्या बायका येता-जाता दार उघडून बघायच्या आणि लावून जायच्या. तुकडा दिसला की झालं. त्यापुढे कुणी काही विचारत नसे.

आणि उत्तर मिळालं नाही, तर आपा डावा तळवा वर करून म्हणायच्या, "माहीत नाही." अमुक खाऊ नका, असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. "ठरवणारी मी कोण? मला माहीत नाही, एवढंच मला माहीत आहे." पण तो उताणा तळवा दिसला की अख्खी गल्ली त्या वस्तूला हात लावत नसे.

त्यांच्या सुनेला सुरुवातीला हे सगळं वेडाचार वाटायचं. तिला कॉफीच्या क्रीमचं एक बिस्किट जिवापाड आवडायचं. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी एकदा तिने कपाटाचं दार उघडलं, तर त्या बिस्किटाच्या तुकड्याच्या जागी नुसता डिंकाचा डाग.

"अम्मी, माझं बिस्किट?"

"त्यांनी तेल देणारा बदललाय. विचारलंय मी."

"आणि तोवर मी काय खाऊ?"

"टोस्ट खा."

ते उत्तर कधी आलंच नाही. सून टोस्टच खात राहिली. आधी रागाने, मग सवयीने. ती कोपऱ्यावरच्या लाँड्रीत कामाला होती. आलेल्या कपड्यांना चिठ्ठी टाचायची, कॉलरचे डाग बघायचे, इस्त्री झालेले कोट दांडीवर ओळीने लावायचे. एकदा दुपारच्या चहाबरोबर लाँड्रीवाल्या काकांनी नानकटाईचा पुडा पुढे केला, तर हिने नकळत तो आधी उलटा केला. काका हसून लोटपोट. "झाली! ही पण भिंगवाली झाली!" घरी येऊन तिने ते सांगितलं, तेव्हा आपांनी जेवताना सगळ्यात गरम पोळी तिच्या ताटात टाकली.

आपांना झटका आला तो सकाळी, चहा गाळताना. उजवा हात गेला, उजवा गाल ओघळला आणि बोलणं गेलं. सगळ्या शब्दांतून एकच शब्द मागे राहिला. "बघ." पंखा हवा, "बघ." उशी सरकली, "बघ." दारात कोण आलंय, "बघ." सून आवाजाच्या चढउतारावरून अर्थ लावायला शिकली. तिचा नवरा ट्रक चालवायचा, महिन्यातले बरेच दिवस रस्त्यावर. तो फोनवर म्हणाला, "अम्मीला शब्द तरी बघ कुठला उरला!" आणि हसता हसता रडायला लागला.

पण बोलण्यापेक्षा वाईट झालं होतं ते गिळणं. दवाखान्यात त्यासाठी एक वेगळ्या बाई होत्या. त्यांनी सुनेला समोर बसवून, गळ्याचं चित्र दाखवून सांगितलं, की पाणी पातळ असतं, ते यांच्या घशात वाट चुकतं आणि फुफ्फुसात उतरतं. तेव्हा पाणी, चहा, सगळं मधासारखं घट्ट करून चमच्याने द्यायचं. त्यासाठी त्यांनी एक डबा दिला, त्यात पांढरी पावडर. "साधं पाणी एक घोटसुद्धा नाही. साधं पाणी यांच्यासाठी आता विष समजा."

घरी येऊन सुनेने पेल्यात पावडर ढवळली. पाणी गढूळ झालं, जड झालं, पेला तिरका केला तर आळसावल्यासारखं एका बाजूला सरकलं. तिने चमचा भरून पुढे नेला. आपांनी ओठ मिटले. डावा हात लांब करून डबा मागितला, मग टेबलाच्या खणाकडे बोट केलं.

भिंग खणात होतं. उजवा गाल आता ते धरू शकत नव्हता. आपांनी ते डाव्या डोळ्याला लावलं, डाव्याच हाताने धरलं आणि सुनेने डबा त्यांच्यासमोर गोल गोल फिरवला. बराच वेळ गेला. मग भिंग मांडीवर पडलं आणि आपांचं नख एका ओळीवर येऊन थांबलं.

सून वाकली. चारशे एकाहत्तर.

"अम्मी, हे औषध आहे."

"बघ."

"दवाखान्यातून दिलंय. तुम्हाला पाणी प्यायला लागेल की नाही?"

"बघ." या वेळचा बघ हळू होता आणि त्याचा अर्थ सुनेला लगेच कळला. विचार.

तिने आधी घरातलं मक्याचं पीठ शिजवून पाणी घट्ट केलं. दिसायला छान झालं. पण आपांच्या तोंडात ते पुन्हा पातळ झालं आणि असा ठसका लागला, की ओठ निळे पडले. गिळण्याच्या बाई फोनवर कडाडल्या, "लाळेने ते फुटतं! घरी प्रयोग करू नका हो!" मग थोड्या नरमून म्हणाल्या, "दुसरी एक पावडर असते, नुसत्या डिंकाची. तिच्यात हे नसतं. पण ती सध्या कुठेच मिळत नाही. मागवून बघते." त्यांनी खरंच मागवली असावी. ती आली मात्र नाही.

आपा कुस्करलेलं केळं खायच्या, दही खायच्या, बटाटा खायच्या. त्याच्यातून जो काही ओलावा मिळेल तेवढाच. ओठांना भेगा पडल्या. हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर तशीच उभी राहायला लागली. डॉक्टर म्हणाले, "हे असंच चाललं तर परत आणून सलाइन लावावं लागेल. आणि सलाइनवर माणूस काही कायमचा ठेवता येत नाही." सुनेने मान हलवली. घरच्या नळाला चोवीस तास पाणी होतं, आणि बाई तहानेने वाळत होती.

तिने इमामसाहेबांना बोलावलं. ते आले, खुर्ची ओढून आपांच्या जवळ बसले आणि शांतपणे सांगितलं, की जीव वाचवायचा असेल, दुसरा मार्ग नसेल, तर हे घ्यायला हरकत नाही. त्यात पाप नाही. आपांनी डोक्यावरचा पदर डाव्या हाताने नीट केला, सगळं मन लावून ऐकलं आणि मग टेबलावरच्या फोनकडे बोट केलं.

इमामसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "म्हणताहेत, दुसरा मार्ग नाही हे तुम्ही विचारून पाहिलंत का." ते सुनेकडे वळले. "माझी पंचाईत तुला माहीत आहे का, बेटी? लोक येऊन मला विचारतात आणि मी मागच्या दाराने येऊन आपांना विचारतो. आता आपांनाच मी काय सांगू?"

"पण तुम्ही सांगितलंत की चालतं."

"मी सांगितलं. पण गिळायचं त्यांना आहे."

जाताना ते जिन्यात थोडा वेळ उगाचच उभे राहिले.

सुनेने फोन केला तो लाँड्रीतून, लोंबत्या कोटांच्या आड उभं राहून. आधी बासरीचं संगीत. मग एका मुलीचा गोड आवाज. "या घटकाचा स्रोत वनस्पतिजन्य किंवा प्राणिजन्य असू शकतो, मॅडम."

"ते मला माहीत आहे. दोन्हींतला कुठला?"

"दोन्हींतला कुठलाही असू शकतो, मॅडम."

"प्राणिजन्य असला तर कुठला प्राणी?"

"तशी माहिती उपलब्ध नाही. मी आपली तक्रार नोंदवून घेऊ का?"

"तक्रार नाहीये हो माझी! मला नुसतं पाणी पाजायचंय!"

पुन्हा बासरी. मग फोन कट. इस्त्रीच्या वाफेतून काकांनी डोकं बाहेर काढलं, तिच्याकडे बघितलं आणि काही न विचारता पुन्हा आत घेतलं. तिने दुसऱ्या दिवशी फोन केला, तिसऱ्या दिवशी केला. मुलगी दर वेळी वेगळी, उत्तर तेच.

त्या संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. मागून गाड्यांचे हॉर्न. तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मग चिकटव ना एक तुकडा."

"काय?"

"कपाटावर. तो तुकडा दिसला की ती पिणार. तुला माहीत आहे."

"अहो, काय बोलताय? आई आहे ना तुमची?"

"म्हणूनच बोलतोय."

तिने रागाने फोन ठेवला. रात्रभर स्वतःशी नाही म्हणत राहिली. सकाळी आपांनी उठल्यावर जीभ ओठांवरून फिरवली, ती सुकलेल्या कपड्याचा आवाज करत फिरली. त्या दिवशी ती डबा लाँड्रीत घेऊन गेली, त्याच्याभोवतीचा कागद सोलला, काकांच्या मोठ्या कात्रीने त्यातली घटकांची चौकट सरळ रेषेत कापली आणि संध्याकाळी ती घरच्या डिंकाने कपाटाच्या दारावर, मधोमध, जिथे कॉफीच्या बिस्किटाचा जुना डाग होता, तिथे दाबून बसवली. आपांची खुर्ची तिने फिरवून कपाटासमोर आणली.

"अम्मी, फोन आला होता. झाडाचं आहे म्हणाले."

आयुष्यात ती त्यांच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलली होती, आणि त्याही वेळी तिचं लक्ष पदराच्या टोकाकडे होतं. आपा तुकड्याकडे बघत राहिल्या. मग सुनेच्या तोंडाकडे बघितलं. मग पुन्हा तुकड्याकडे. भिंग मागितलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी तोंड उघडलं.

पहिला चमचा गेला. गळा हळूच हलला. दुसरा गेला.  आपा अख्खा पेला प्यायल्या आणि रिकाम्या पेल्याकडे बोट करून म्हणाल्या, "बघ." अजून.

पुढचे काही दिवस घरात जणू कुणी खिडकी उघडली होती. ओठांच्या भेगा भरल्या. चहासुद्धा घट्ट करून दिला, तो दिसायला चिखल आणि चवीला चहा. आपांनी तोंड वाकडं केलं, पण प्यायला. नवरा फोनवर म्हणाला, "बघितलंस? तिला कुठे काय कळतंय." सुनेला ते ऐकून बरं वाटलं नाही, तरी तिने ते ऐकून घेतलं.

मग एका दुपारी जिन्यावाली आली. ही वरच्या मजल्यावरची शेजारीण. जिन्यात भेटली की पाऊण तास पुढे जाऊ द्यायची नाही, म्हणून तिला हे नाव पडलं होतं. आल्या आल्या तिने आपांचे पाय दाबले, तब्येतीची चौकशी केली आणि जुन्या सवयीने कपाटाचं दार उघडलं.

"हे काय? हा डबा!" तिने तुकड्यावर बोट ठेवलं. "वहिनी, हाच डबा माझ्या अब्बांना दिलाय, भावाकडे असतात ते! त्यांचाही घसा गेलाय ना आता. आणि ते हात लावत नाहीत बघा. म्हणतात, त्यात काय आहे कुणास ठाऊक. माझ्या भावाच्या नाकी नऊ आले." ती बोलता बोलता फोन काढून फोटो घ्यायला लागली. "आता आपांचा तुकडाच दाखवते. आपांचं नाव सांगितलं की संपलंच. बाकी कुणाचं ऐकतील तर शपथ."

सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. ती म्हणाली, "ताई, थांबा जरा." पण त्यापुढे काय म्हणायचं, ते तिला सुचेना. नाही म्हटलं, तर आपा समोर बसल्या होत्या. हो म्हटलं, तर एक अनोळखी म्हातारा तिच्या शब्दावर चमचा तोंडात घेणार होता. आणि तो घेऊन कदाचित जगणारही होता.

"काय झालं?" जिन्यावालीने विचारलं. तिने सुनेकडे पाहिलं, मग सरळ आपांकडे वळली. "आपा, चालतं ना हे? तुम्ही पिताय म्हणजे चालतंच, नाही का?"

आपांनी सुनेकडे पाहिलं नाही. त्यांनी हात लांब केला, पण दारापर्यंत तो पोचेना. "बघ," त्या म्हणाल्या. जिन्यावालीला वाटलं, दार जवळ हवंय. तिने ते पूर्ण उघडून त्यांच्यापाशी आणलं. आपांनी एक बोट शेजारच्या एका जुन्या तुकड्याच्या कोपऱ्यावर ठेवलं. तिथे पेन्सिलने बारीक अक्षरात एक नंबर लिहिलेला होता. मग त्याच्या खालच्या तुकड्यावर. तिथेही नंबर. मग बाजूच्या. प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात, कुठे छापलेला, कुठे पेन्सिलने उतरवलेला, त्या त्या मालाचा नंबर होता. आज विचारलं ते आजच्या मालाचं, उद्याच्याचं उद्या विचारायचं, ही आपांची रीत. सुनेने ते दार इतकी वर्षं उघडलं होतं आणि तुकडा आहे की नाही एवढंच पाहिलं होतं. बोट शेवटी मधल्या, सरळ रेषेत कापलेल्या तुकड्यावर आलं. कोपरा कोरा होता.

म्हणजे आपांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. पहिल्या चमच्याआधी.

आपांनी तुकड्याच्या कडेखाली नख घातलं. डिंक चांगला होता, तो निघेना.  शेवटी कागद अर्धा फाटून हातात आला, अर्धा दारावर राहिला. मग त्यांनी डावा तळवा वर केला.

जिन्यावाली फोन हातात धरून उभी. "म्हणजे माहीत नाही?" तिचा आवाज पार उतरला. "मग आपा, तुम्ही कशा पिताय?"

 ती सुनेकडे वळली. "वहिनी, मग मी अब्बांना काय सांगू?"

"मला माहीत नाही, ताई," सून म्हणाली.

जिन्यावाली गेली. जिन्यात कुणाशीही न बोलता वर गेली, तिची पावलं ऐकू येत होती.

सुनेने पेला भरला. घाईत थोडी पावडर ओट्यावर सांडली. तिने चमचा पुढे नेला. आपांनी ओठ मिटले. डोळ्यांतून मात्र पाणी येत होतं, ते ओघळलेल्या गालावरून उतरून मिटलेल्या ओठांपर्यंत आलं.

"अम्मी, इतके दिवस प्यायलात ना? सगळं माहीत असून प्यायलात ना? मग आज काय झालं? माझ्यासाठी प्यायलात, तसं अजून एकदा प्या."

आपांनी डाव्या हाताने तिचा चमच्याचा हात धरला आणि हळूच खाली केला. त्यात राग नव्हता. लहान मुलाच्या हातातून सुई काढून घ्यावी, तसं केलं. तोवरचं त्या दोघींतलं होतं, दोघींनी निभावून नेलं होतं. आता ते दाराबाहेर गेलं होतं, वरच्या मजल्यावर, तिथून पुढे एका म्हाताऱ्याच्या घशापर्यंत.

"बघ," आपा म्हणाल्या. आणि भिंग तिच्याकडे सरकवलं.

सुनेने डबा उलटा केला. तळाला पत्र्यात ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेला नंबर होता, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. तिने भिंग डोळ्यात अडकवलं. पहिल्यांदा ते खाली पडलं. गाल वर ओढून धरावा लागतो, हे तिने फक्त पाहिलं होतं. दुसऱ्यांदा ते बसलं. तिने नंबर पेन्सिलने उतरवून घेतला आणि फोन फिरवला.

बासरी. मग मुलगी. "मॅडम, मी आपली तक्रार..."

"थांबा. माझ्याकडे बॅच नंबर आहे. तुमच्याकडे कुणी असं असेल ना, की ज्याला या नंबरचं माहीत असेल? बघा. मी आहे इथेच."

तिने फोन खांद्याशी दाबला. भाजी निवडायला नव्हती, म्हणून ओट्यावर सांडलेली पावडर बोटाने गोळा करत राहिली. बासरी संपून पुन्हा सुरुवातीपासून वाजली. पेल्यातलं पाणी तोवर आणखी घट्ट झालं होतं, चमचा त्यात सरळ उभा राहिला होता. आपा तिच्याकडे बघत होत्या. किती तरी वेळाने एका पुरुषाचा आवाज आला. दमलेला, वयस्क, पाठ केलेलं न बोलणारा.

"बाई, नंबर बघितला मी. त्या सुमाराला आमच्याकडे दोघांचा माल आला होता. एकाचा झाडाच्या तेलाचा, एकाचा चरबीचा. दोन्ही एकाच टाकीत पडतात."

"मग या डब्यात कुठला आहे?"

"ते आता कुणालाच वेगळं करता यायचं नाही."

"कुणालाच?"

"मला माहीत नाही, बाई. खरं सांगतो. कुणाला माहीत असेल असं वाटत नाही." तो थांबला. "कुणासाठी विचारताय?"

"सासूबाईंसाठी. त्यांना पाणी प्यायचंय."

 "माफ करा," तो म्हणाला आणि तोही बराच वेळ फोन ठेवेना.

आपांनी भुवया उंचावून विचारलं. इतक्या वर्षांत हे सांगायची वेळ सुनेवर आली नव्हती. तिने डावा तळवा वर केला. आपांनी मान हलवली, जसं विद्यार्थ्याचं गणित बरोबर आलं की शिक्षिका हलवते, आणि डोळे मिटून घेतले.

पेला सुनेने मोरीत ओतला. तो ओतला जाईना, गोळ्यासारखा पडला, त्यावर नळ सोडावा लागला. तो वाहता नळ तिने तसाच ठेवला आणि कापसाचा एक बोळा त्याखाली धरला, मग पिळला, पुन्हा पिळला, थेंब गळायचा बंद होईपर्यंत पिळला. दवाखान्यातल्या बाईंनी एवढं चालेल म्हणून सांगितलं होतं. ओठ ओले करायचे, घशात जाऊ द्यायचं नाही.

ती खुर्चीपाशी खाली बसली आणि आपांच्या ओठांवरून बोळा फिरवायला लागली. आपांनी जीभ किंचित बाहेर काढली आणि त्या ओल्या कापसाला लावली.

"बस अम्मी," सून म्हणाली, "बस, जास्त नको," आणि बोळा काढून घेतला.